पायदळाच्या मागं कोण उभं होतं

थांबा. अंकातलं दुसरं काही वाचायच्या आधी हे ऐका, कारण हे आत्ताच्या आत्ता सांगायला पायजे. उद्या स्टेन्सिला छापायला द्यायच्यात. आज बोललो न्हाई तर मी गप बसन, अन् एकदा गप बसलो की माझा मला भरोसा न्हाई. दुपारची बॅच गेली, संध्याकाळची यायचीय, टायपिंगचं सगळं दुकान मोकळं हाय अन् मी कोपऱ्यातल्या मराठी मशीनवर बसलोय. बोटं डोक्याच्या पुढं पळायलीत. चुका झाल्या तर झाल्या, लाल औषध लावून खोडत बसणार न्हाई.

माणक्या, तुलाच सांगायलो. वाचणारे वाचतील, त्यांना बी कळू दे, पण बोलायलो तुझ्याशी.

वाचणाऱ्यांसाठी एवढंच, की या अंकातला सगळ्यात लांब लेख, सोव्हिएत पायदळ कसं घडलं तो, माणिकचा हाय. तो पुरा झाला अन् माणिक गेला. एवढ्याशा तापानं गेला. लेखाचं शेवटचं प्रकरण सोडून सगळं मी त्याच्या हयातीतच टाइप केलं होतं. शेवटच्या प्रकरणावरून आमचं भांडण झालं, अन् भांडण मिटायच्या आत त्याला ताप भरला. ते प्रकरण छापायचं का न्हाई, हे आता मी एकट्यानं ठरवायचंय. अंक काढणारी बाकीची पोरं म्हणली, तुमच्या दोघातलं हाय, तूच बघ.

तूच बघ! जसं काय मी तुझा वारसदार.

तुला आठवतं का, स्टेशन रोडला ती पुस्तकांची गाडी आली होती? रशियाची पुस्तकं, जाड पुठ्ठ्याची, गुळगुळीत कागदाची, अन् किंमत अशी की आपल्याला वाटलं यांचं काहीतरी चुकलंय. मी कवितेचं घेतलं. तू घेतलंस पायदळाचं. इंग्रजीतलं, नकाशांचं, मागं तक्ते असलेलं. मी लय हसलो होतो. "तुला काय करायचंय रे रशियाच्या पायदळाचं? तुझ्या बापानं बंदूक बघितलीय का कधी?" तर तू पान उघडून मला दाखवलंस. "हे बघ मिल्या. लढाईच्या आधी यांचे बरेच सैनिक शेतकरीच होते. वर्षातून काही दिवस छावणीत जायचे, कवायत करायचे, परत येऊन नांगर धरायचे. हे आमचंच हाय की! हंगामाला उसाला जायचं, हंगाम सरला की गावात."

तिथून जे तुला लागलं ते लागलं. डिक्शनरी घेऊन बसायचास. दोन वर्षं तू मला दुसरं काही बोलू दिलं न्हाईस.

अन् ते शेंगदाणे! बसस्टँडच्या मागच्या हॉटेलात आपण एक चहा दोघात घ्यायचो अन् शेंगदाण्याची एक पुडी. ती पुडी तू टेबलावर सांडायचास. सालीचे दाणे रशियाचे, साल काढलेले जर्मनीचे. मीठदाणी म्हणजे गाव. अन् मग तुझी फौज निघायची. "बघ, फिनलंडमधी असं झालं. बर्फ. एकच रस्ता. हे सगळे त्या रस्त्यावर एकामागं एक, काळे कोट घालून, पांढऱ्या बर्फावर काळे कोट! अन् फिनलंडवाले पांढरे कपडे घालून, पायाला लाकडी पट्ट्या लावून, झाडीतून येऊन तुकडे पाडायचे. इथं तोडला, इथं तोडला, इथं तोडला." प्रत्येक वेळी तोडला म्हणलास की एक दाणा तोंडात. मेलेले सैनिक तू खायचास माणक्या. मला एक दाणा मिळायचा न्हाई. हॉटेलवाला म्हणायचा, "ओ फौजदार, टेबल मोकळं करा, गिऱ्हाईक उभं हाय." तू म्हणायचास, "थांबा मामा, वेढा पडलाय."

मला ते नकाशे कधी कळलेच न्हाईत. पण तुझं ऐकायला बरं वाटायचं, कारण तू सगळं उसाच्या फडात नेऊन सांगायचास. लढाईच्या आधी त्यांच्या अनुभवी अफसरांना त्यांच्याच सरकारनं उचलून नेलं. कुणाला गोळी घातली, कुणाला तुरुंगात टाकलं, अन् कालची पोरं पलटणीवर नेमली. तर तू म्हणलास, "म्हणजे जुना मुकादम काढला अन् ज्याला कोयता धरता येत न्हाई त्याच्या हातात टोळी दिली." पुढं जर्मनी आत घुसली, लाखोंनी माणसं वेढ्यात सापडली. मग त्यांनी काय केलं? डिव्हिजन लहान केल्या, हुकुमाची मधली एक पायरीच काढून टाकली. कामून? कारण नवशिक्या अफसराला मोठी फौज हाकता येत न्हवती. हे तुला लय आवडायचं. "जेवढं पेलतं तेवढंच द्यावं माणसाच्या डोक्यावर. सरकार असून त्यांना हे कळलं, आमच्या मुकादमाला कळत न्हाई."

अन् ती कोयत्याची गंमत. पहिल्या कच्च्या लेखात तू कंपनीतली माणसं मोजली होतीस, ती पुस्तकापेक्षा बरोबर दुप्पट. मी म्हणलो, हे कुठून आणलंस? तू म्हणलास, "इथं लिहिलंय ना, इतक्या रायफली. एक रायफल म्हणजे दोन माणसं." मी म्हणलो, कोण म्हणलं? तू माझ्याकडं असा बघितलास जसा मीच येडा. "अरे, एक कोयता म्हणजे दोन माणसं. नवरा तोडतो, बायको मोळी बांधती. रायफलवाल्याच्या मागं मोळी बांधायला कुणी नसंल का?" मी हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेतात. तू रागावलास. मग म्हणलास, "म्हणजे ते एकटेच असायचे?" अन् गप झालास. मला तवा कळलं न्हाई तू कशानं गप झालास. आता थोडं थोडं कळायलंय.

तुला सदानकदा मागं कोण हाय हेच बघायचं असायचं. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्यात तू यायचास. गावाकडनं निरोप यायचे, तुला काय पडलंय त्यांच्या नावाचं, तरी यायचास. अन् चालायचास सगळ्यात मागं. मी पुढं घोषणा देत घसा फोडायचो अन् वळून बघायचो तर तू पार शेपटाला, हात मागं बांधून, मुकादमासारखा. मी म्हणायचो, भ्यालास का रे? तर तू पुस्तकच काढायचास. "बेचाळीस साली त्यांनी पायदळाचे नियम नव्यानं लिहिले. आधी अफसर पुढं पळायचा अन् पहिल्यांदा तोच मरायचा. मग ठरलं, अफसरानं मागं राहायचं. म्हणजे त्याला सगळे दिसतात. कोण पडलं, कोण राहिलं." अन् मग हसून, "मी मागं हाय म्हणून तू पुढं बोंबलतोस."

खरं होतं रे ते.

आता ते सांगतो जे आपण दोघं कधी सरळ बोललो न्हाई. वाचणाऱ्यांना बी सांगायला लागंल, न्हाईतर पुढचं कळणार न्हाई.

माणिक अन् मी एका गावचे. पाथरीच्या पलीकडं, नदीकाठचं गाव. नाव लिहीत न्हाई. त्याचं घर वरच्या आळीला, आमचं खालच्या. माझा बाप त्याच्या बापाच्या, म्हणजे आबांच्या, शेतात कामाला जायचा. आबांचं शेत काही मोठं न्हवतं, वर्षातले सहा महिने तेच उसाला जायचे. दोघं एका औताला, एका बांधावर भाकर सोडायचे, फक्त मधी हातभर जागा सोडून. नामांतराचं पहिलं वर्ष आलं. आमी प्राथमिक शाळेत. एका दुपारी वरच्या आळीची माणसं खालच्या आळीत आली. आमचं छप्पर जळलं, कडब्याची गंजी जळली. माणूस कुणी मेलं न्हाई, लोक म्हणतात नशीब. मी मायच्या पदरामागून बघायलो होतो. त्या माणसांत आबा होते. हातात काठी. काठी त्यांनी कुणाला मारली न्हाई. नुसते उभे होते, आमच्या दारासमोर, माझ्या बापाकडं बघत. माझ्या बापानं त्यांना हाक मारली. नावानं. ते हलले न्हाईत.

आमी परभणीला आलो अन् इथंच राहिलो. कॉलेजात तू पुन्हा भेटलास. पहिल्याच दिवशी म्हणलास, "मिल्या, मी तवा बैलं घेऊन नदीवर होतो. मला काहीच दिसलं न्हाई." एवढंच. मग रविवारी आमच्या घरी आलास, माझ्या मायपुढं बसलास अन् म्हणलास, "माय, भाकर वाढ." मायनं वाढली. तू तीन भाकरी खाल्ल्यास, हावऱ्या. ती अजून बी म्हणती, त्या पोरानं जळालेलं घर धुवून काढलं. हे मी तुला कधी सांगितलं न्हाई. सांगायला पायजे होतं.

तर आता ते शेवटचं प्रकरण.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात रशियात हुकूम निघाला, एक पाऊल मागं न्हाई. ही घोषणा मला लय आवडायची, मी भिंतीवर बी रंगवली होती. पण त्या हुकुमात पुढं काय होतं ते त्यांच्याच मासिकांनी आत्ता कुठं, या दोन-चार वर्षांत छापायला सुरू केलं अन् ते अंक तू कुठून कुठून मिळवलेस. त्यात होतं, की ज्या पलटणी डळमळायल्यात त्यांच्या मागं आपल्याच फौजेची दुसरी तुकडी उभी करा. बंदुका घेऊन. पुढच्यानं पाठ फिरवली की घाला गोळी. जे चुकले त्यांच्या वेगळ्या शिक्षेच्या कंपन्या करा अन् जिथं मरण पक्कं तिथं त्यांना आधी पाठवा.

या सगळ्यावर तू प्रकरण लिहिलंस. चांगलं लिहिलंस, हे मी तवा कबूल केलं न्हाई. आधीची प्रकरणं कशी उड्या मारत होती, स्टालिनग्राडच्या गल्लीत लहान लहान गट, हातबॉम्ब अन् धार लावलेली फावडी घेऊन एकेक खोली घेणारे, रणगाड्याच्या पाठीवर बसून जाणारे. अन् हे प्रकरण एकदम हळू. नांगर खडकात शिरल्यावाणी. अन् शेवटचं वाक्य होतं, "समोर उभ्या माणसाचं तोंड बघितल्यावर एकदा त्याच्या मागं बी बघा."

मी हॉटेलात वाचलं अन् कागद टेबलावर आपटला. "हे मी टाइप करणार न्हाई."

"कामून? खोटं हाय का?"

"रशियाचं खरं असंल. पण हे रशियाचं न्हाई. तू आबांची वकिली करायलास."

तू दाणे मांडायला होतास. बोट थांबलं. "मी आबांचं नाव घेतलं का?"

"घ्यायला कशाला पायजे? ती रशियाची पोरं आपला मुलूख वाचवायला उभी होती. आबा आमच्या दारात कामून उभे होते? दोन्ही एक हाय का?"

"एक न्हाई. मी एक म्हणत बी न्हाई. मी एवढंच इचारायलो की आबांच्या मागं कोण होतं. मुकादम मागं असल्याबगर फडात कुणी हात उचलत न्हाई मिल्या, मी लहानपणापासून बघितलंय. होतं कुणीतरी, मला ठाऊक हाय. कुणीतरी म्हणलं असंल, येत न्हाईस तर पाणी बंद, बैठक बंद."

"असंल न्हाईतर नसंल. मी त्यांच्या मागं कामून बघू? मला त्यांचं तोंड दिसत होतं ना! माझा बाप हाक मारायला होता अन् ते तोंड हललं न्हाई. ते मी बघितलंय. तू नदीवर होतास."

हे मी म्हणलो. तू नदीवर होतास.

तू टेबलावरचे सगळे दाणे, सालीचे अन् बिनसालीचे, मुठीत गोळा केलेस, माझा हात उघडलास, त्यात ठेवलेस अन् उठून गेलास. एक बी खाल्ला न्हाईस. तेवढंच शेवटचं. मग गावाकडनं तापाचा निरोप आला, अन् मी निघतो निघतो करेपर्यंत दुसरा निरोप आला.

तुझ्या दहाव्याला मी गावात गेलो. छप्पर जळाल्यावर गाव सोडलेला मी, पहिल्यांदा. माय म्हणली होती, जा, पण कुणाच्या घरात पाणी पिऊ नको, अन् लगेच म्हणली, न्हाई, दिलं तर पी.

नदीकाठी पिंड ठेवला होता. कावळे होते की, समोरच्या बाभळीवर चांगले पाच-सहा बसले होते, अन् एक खाली येईना. लोक एकमेकाकडं बघायले. म्हाताऱ्यांना तर लगेच सुचतं. एक जण म्हणला, "चहा ठिवा रे, परभणीला राहिलेलं पोरगं हाय." चहा ठेवला. न्हाई. दुसरा म्हणला, "पुस्तक ठिवा." कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला दटावलं. मी खिशातून शेंगदाणे काढले. आणले होते मी. तेच, तू दिलेले, फेकवलेच न्हाईत मला. पिंडाजवळ ओळीत ठेवायला गेलो, तर सगळे पसरले. कावळा न्हाई.

मला वाटायला लागलं, माझ्यासाठीच थांबलाय. ते प्रकरण. आता मी मोठ्यानं म्हणायचं, माणक्या, छापतो रे, जसं लिहिलंस तसं छापतो. गावासमोर म्हणायचं. आबांसमोर. शब्द तोंडापर्यंत आले होते. आईशप्पथ, आले होते. अन् निघंनात. कारण म्हणलो असतो तर त्याचा अर्थ, मी आबांच्या मागं बघायला तयार हाय. अन् मी तयार न्हवतो.

तेवढ्यात तुझी माय पुढं आली. "धाकट्याला उसाला धाडत न्हाई रे माणिका," म्हणली. "त्याची शाळा तोडत न्हाई. जा तू." अन् बाभळीवरून एक कावळा उतरला अन् शिवला.

सगळे सुटले. मी बी सुटलो. अन् खरं सांगू? मला वाईट बी वाटलं. म्हणजे तुझा जीव आमच्या लेखात अडकला न्हवताच. तुझा जीव धाकट्या भावाच्या शाळेत होता. दोन वर्षं दाणे मांडलेस माझ्यापुढं, अन् हे एकदा बोललास का?

जीप वरच्या फाट्यावर मिळती. मी निघालो तर मागून पावलं ऐकू आली. आबा. खांद्यावर उपरणं, डोकं भादरलेलं. वयापेक्षा लय म्हातारे दिसायलेत आता. मी थांबलो न्हाई, ते थांब बी म्हणले न्हाईत. बाजूनं चालायला लागले. मधी हातभर जागा सोडून.

"मिलिंदा," म्हणले. "तुमचं भांडण झालं होतं म्हणं."

मी म्हणलो, "झालं होतं."

"रशियावरून."

"हां. रशियावरून."

थोडं चाललो. मग तेच म्हणले, "मला बी सांगायचा तो. मागल्या हंगामात, फडात. सुट्टीत आला होता ना हाताला हात लावायला. तिकडं म्हणं सैनिकाच्या मागं त्याचीच माणसं बंदुका घेऊन उभी असायची. असं सांगता सांगता इचारलं, आबा, त्या दिवशी तुमच्या मागं कोण होतं?"

माणक्या, मी पहिल्यांदा मान वळवून त्यांच्याकडं बघितलं.

"मी म्हणलो, होते की. लय होते. न्हाई गेलो असतो तर गावानं जगू दिलं नसतं." आबा समोर बघत बोलायले होते, माझ्याकडं न्हाई. "तर पोराचं तोंड असं फुललं... म्हणला, मला ठाऊकच होतं. आबा, तुमी बसा. अन् त्या दिवशी त्यानं माझ्या वाटणीचा बी ऊस तोडला. मी बांधावर बसून बघायलो. हाताला फोड आले त्याच्या."

"अन् खरं काय होतं?" मी इचारलं.

"खरं?" आबा म्हणले. "भाकर खायलो होतो. गलका ऐकला. अर्धी भाकर ठिवली, काठी घेतली अन् निघालो. कुणी हाक मारली न्हाई. वाटंत बी कुणी भेटलं न्हाई. माझ्या मागं कुणी न्हवतं मिलिंदा."

"मग आलात कामून?"

फाटा दिसायला लागला.

"ते तवा बी सांगता आलं नसतं," म्हणले. "तुझा बाप माझ्या नावानं हाक मारायला होता. मला वाटलं, ह्यो मला नावानं कसा हाक मारतो?" मग थांबून, "घरी आलो अन् उरलेली भाकर खाल्ली."

जीप आली. माणसं लटकलेली होती. मी दांडीला हात घातला अन् काय वाटलं काय की, वळून म्हणलो, "आबा, हे मी लिहीन."

मला वाटलं चिडतील, न्हाईतर हात जोडतील. म्हणले, "लिही. ज्याच्यापासून लपवायचं होतं तो गेला."

अन् जीप सुटली.

माणक्या, मी जिंकलो. कळतंय का तुला? आपल्या भांडणात मी जिंकलो, साक्षीदारासकट जिंकलो. माझ्या बापाला मी अजून सांगितलं न्हाई. सांगन. त्याला बहुतेक ठाऊकच असंल, हाक तर त्यानंच मारली होती. अन् मला ही जीत नको रे. ही कुठं ठिवू मी? तू असतास तर मी हे तुला सांगितलं असतं का? खरंच न्हाई सांगता येत. तुझ्या हाताचे ते फोड मी बघितले होते. हॉटेलात. मी म्हणलो होतो, दाणे उचलून उचलून आले काय? अन् तू हसला होतास. लय खूश होतास त्या दिवसात. मला वाटायचं लेख जमायलाय म्हणून.

राग येतो मला. आबांचा येतो, तो तर हायच. पण आता तुझा बी येतो. एवढं मोठं पुस्तक तू डिक्शनरी घेऊन खोदलंस, फिनलंडचं बर्फ खोदलंस, नियमांची कलमं पाठ केलीस, अन् सगळं कशासाठी, तर कुणीतरी मागं उभा सापडावा म्हणून. अन् त्या रशियाच्या पोरांच्या मागं खरंच उभे होते. ते तू खोटं लिहिलं न्हाईस. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी, तूच लिहिलंस, मागच्या बंदुकीकडं न बघता पुढं पाऊल टाकलं, आपल्या मनानं. ते वाक्य तू लिहिलंस अन् पुढं निघून गेलास. आपल्या मनानं. तिथं थांबला असतास तर? आपल्या मनानं चांगलं पाऊल पडतं तसं वाईट बी पडतं, हे तुला दिसलं असतं का? का दिसलं होतं अन् म्हणूनच पळालास?

हे बघ, आता मी तुझ्याशी पुन्हा भांडायलो. अन् तू उत्तर देत न्हाईस, ही कुठली रीत?

मी काय केलं ते सांगतो. प्रकरण टाइप केलं. आत्ताच, हे लिहायच्या आधी. सगळं, तुझ्या अक्षरात होतं तसं, एक ओळ कापली न्हाई. शेवटच्या वाक्याला आलो अन् थांबलो. मला वाटलं, त्याच्याखाली एक ओळ माझी घालावी, की काही काही वेळा मागं कुणीच नसतं. बोटं ठेवली होती मशीनवर. मग उचलली. ते वाक्य तुझं हाय. तू बांधावर बसलेल्या बापासाठी लिहिलं होतंस, हाताला फोड घेऊन. त्याच्याखाली मी माझं नाव कसं घालू? तुझं वाक्य तिथं तसंच राहू दे. माझं इथं राहू दे, वेगळ्या पानावर. वाचणारे दोन्ही वाचतील. बांधाच्या अलीकडं एक, पलीकडं एक.

"मागं" टाइप करताना अनुस्वाराला जोर लागला अन् स्टेन्सिलला भोक पडलं. उद्या तिथं शाईचा काळा ठिपका येईल. राहू दे.

परवा पुन्हा मोर्चा हाय. मी जाणार. पुढंच राहणार, घसा फोडणार. अन् मला ठाऊक हाय मी वळून बघणार, शेपटाकडं, हात मागं बांधून कोण चालायलंय ते.

वाचणाऱ्यांनो, आता तुमाला इचारतो, अन् खरंच इचारायलो, उत्तर पाठवा न्हाईतर बसस्टँडच्या मागच्या हॉटेलात येऊन तोंडी सांगा. तुमचं असं झालंय का कधी? ज्याच्याशी भांडायला होता तोच उठून गेला, अन् मागून कळलं की तुमचंच खरं होतं? अन् झालं असंल, तर तुमी त्या खऱ्याचं काय केलं?